भाजीचे पान आणि बाईचे पान

गरोदर बाई सरकारी दवाखान्यात नाव घालायला गेली की तिच्या हातात गोळ्यांची पट्टी पडते. गोळी लोहाची आहे, रक्त वाढावे म्हणून आहे, एवढे तिला सांगतात. ते खरेच आहे. पण त्याच गोळीत लोहाच्या मागे लपून आणखी एक द्रव्य बसलेले असते. किती म्हणाल, तर अवघे ५०० मायक्रोग्रॅम, म्हणजे अर्धा मिलिग्रॅम. त्याचे नाव फॉलिक अॅसिड. लॅटिन भाषेत ‘फोलियम’ म्हणजे झाडाचे पान. हे पान गोळीत कसे शिरले याचा माग काढू लागलो, की वाट सरळ आपल्या मुंबईत, परळला येऊन पोचते.

परळला गव्हर्नरसाहेबांचा एक जुना वाडा होता. प्लेगच्या दिवसांत, १८९९ साली, तेथे डॉ. हाफकिन यांची लस तयार करण्याची प्रयोगशाळा आली आणि १९२५ साली तिला त्यांचेच नाव मिळाले. या हाफकिन संस्थेत १९२८ साली एक इंग्रज डॉक्टरीणबाई दाखल झाल्या. त्यांचे नाव लूसी विल्स. वय चाळीस. केंब्रिजला शिक्षण झाले ते वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्राचे. डॉक्टरकीकडे त्या वळल्या त्या उशिराच, पहिल्या महायुद्धाच्या काळात दक्षिण आफ्रिकेत शुश्रूषेचे काम केल्यानंतर. १९२० साली त्या डॉक्टर झाल्या. त्यांना येथे बोलावून घेणाऱ्या डॉ. मार्गारेट बाल्फोर याही बाईच. बाळंतपणात आपल्याकडच्या इतक्या बायका का दगावतात, याची चौकशी तेव्हा चालू होती आणि त्या चौकशीत पांडुरोगाचे नाव पुन्हा पुन्हा येत होते.

हा पांडुरोग म्हणजे काय, ते जुन्या माणसांना सांगायला नको. पोटुशी बाई शेवटच्या महिन्यांत पांढरीफटक पडायची, चार पायऱ्या चढताना धापा टाकायची, पायांवर सूज यायची, तोंड यायचे, पोट बिघडायचे. घरचे म्हणत, हिच्या अंगात रक्तच नाही. कुणी नजर काढी, कुणी नशिबाला बोल लावी. पुष्कळदा बाळंतपण कसेबसे पार पडे आणि मग चार दिवसांत बाई जाई. गिरणगावातल्या, चाळींतल्या, दाट वस्तीतल्या गरीब घरांत हे वरचेवर घडत असे. रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला की एक चमत्कारिक गोष्ट दिसे. तांबड्या पेशी संख्येने फार कमी, पण एकेक पेशी मात्र नेहमीपेक्षा मोठी. नुसत्या लोहाच्या कमतरतेने पेशी लहान होतात, येथे उलटेच. लोह पाजून हा आजार हटत नसे तो त्यामुळेच.

विल्सबाईंनी पहिल्याने जंतूंचा संशय घेऊन पाहिला. हाती काही लागले नाही. मग त्यांनी जे केले ते मला त्यांच्या पुढच्या सगळ्या शोधांइतकेच मोलाचे वाटते. त्यांनी विचारले, या बायका खातात काय? आणि नुसते विचारून थांबल्या नाहीत. डॉ. तळपदे यांच्या सोबतीने त्यांनी मुंबईतल्या बायकांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी केली व ती १९३० साली छापून आली. बाल्फोरबाईंनीही तळपदे यांच्याच साहाय्याने गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी त्याच वर्षी प्रसिद्ध केली. इंग्रजी पुस्तकांतून विल्सबाईंचे नाव निदान एखाद्या ओळीत भेटते. तळपदे आणि मेहता ही त्यांच्या सहकाऱ्यांची नावे मात्र शोधनिबंधांच्या मथळ्यातच राहून गेली आहेत.

पाहणीत दिसले ते असे. हा रोग सर्वांना सारखा होत नव्हता. गरीब मुसलमान बायकांत, ज्या पडद्यात राहत आणि ज्यांच्या जेवणात प्रथिने, फळे व ताजी भाजी जेमतेमच येई, त्यांच्यात तो जास्त होता. म्हणजे दोष जातीचा नाही, हवेचा नाही, पानात काही पडत नव्हते त्याचा आहे, अशी शंका येऊ लागली.

शंका खरी की खोटी हे पाहायचे तर प्रयोग हवा. १९२९ मध्ये विल्सबाई काही महिने निलगिरीतल्या कुन्नूरला गेल्या. तेथे डॉ. मॅकॅरिसन हे हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या प्रांतांचे जेवण उंदरांना घालून कोणाचे उंदीर धडधाकट राहतात ते पाहत असत. (त्यात पंजाबी शिखांच्या जेवणावरचे उंदीर पहिले आले, आणि पांढऱ्या भातावरचे पार मागे पडले. हे वाचून आपल्या कोकणातल्या लोकांनी वाईट वाटून घेऊ नये. भाताचा कोंडा गेला हा तिथला मुख्य दोष होता, भात हा नव्हे.) विल्सबाईंनी उंदरांच्या माद्यांना मुंबईच्या गरीब बाईचे जेवण घातले. माद्या फिक्या पडल्या आणि पिले होण्यापूर्वीच मेल्या. त्याच जेवणात यीस्ट मिसळले, तर त्या जगत. वाटले, झाले, उत्तर सापडले. पण पुढे ध्यानात आले की उंदरांना उवांमधून एका जंतूची लागण होत होती आणि रक्त कमी होण्यात त्याचाही हात होता. दुसरा एखादा असता तर ही अडचण गिळून टाकून निबंध छापून मोकळा झाला असता. विल्सबाईंनी उंदीर बाजूला ठेवले आणि माकडांवर नव्याने काम सुरू केले.

माकडांनाही तसेच जेवण दिले. तीही फिकट झाली. त्यांतले एक माकड अगदी हाताबाहेर चालले, तेव्हा बाईंनी, आता काय होईल ते होवो, म्हणून त्याला मार्माइट दिले. मार्माइट म्हणजे काय, तर बिअर गाळून झाल्यावर पिंपाच्या तळाशी यीस्टचा जो साका राहतो त्याचा काढलेला काळा, खारट, चिकट अर्क. आपल्याकडच्या काकवीसारखा दिसतो, चवीला मात्र तिच्याशी काही नाते नाही. इंग्लंडात १९०२ पासून तो बरणीत भरून विकत असत आणि लोक पावाला लावून खात. माकड सुधारले. मग हाच अर्क दवाखान्यातल्या बायकांना देऊन पाहिला. थोड्याच दिवसांत रक्तात कोवळ्या तांबड्या पेशींची झुंबड दिसू लागली, तोंडावर तजेला आला, जेवण जाऊ लागले. आदल्या आठवड्यात ज्या बाईची आशा सोडली होती ती उठून बसली. १९३१ च्या जून महिन्यात विलायतेच्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हा वृत्तांत आला.

येथे थोडे थांबून एक तुलना करू. त्याच सुमारास, १९२६ साली, अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी यांनी दुसऱ्या एका घातक पांडुरोगावर काळीज खायला घालण्याचा उपाय काढला होता. रोग्याला रोज पाव किलोच्या आसपास काळीज, तेही पुष्कळदा कच्चे किंवा अर्धकच्चे, खावे लागे. पुढे, १९३४ साली, त्यांना व व्हिपल यांना या कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. पण परळच्या गरीब बाईला रोज काळीज कोण देणार, आणि अनेक घरांत ते चालणार तरी कसे? मार्माइट स्वस्त होते, शाकाहारी होते. याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच दिसली. काळजातले औषधी द्रव्य शुद्ध करत करत जो अर्क काढला, तो अमेरिकेतल्या रोग्यांना लागू पडे, पण विल्सबाईंच्या रोग्यांना पडेना. म्हणजे कच्च्या काळजात दोन निराळी द्रव्ये होती. एक शुद्ध अर्कात उरले होते, दुसरे गाळणीत निघून गेले होते. त्या निसटलेल्या, अनोळखी द्रव्याला शास्त्रज्ञ बराच काळ ‘विल्स घटक’ म्हणत.

तो घटक दहा वर्षांनी हाती आला तो भाजीत. १९४१ साली अमेरिकेत टेक्सास येथे मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी चार टन पालक गाळून त्यातून थोडेसे द्रव्य वेगळे केले आणि पानाच्या नावावरून त्याला फॉलिक अॅसिड म्हटले. १९४५ पर्यंत ते कृत्रिम रीतीने बनवताही आले. दुसरे द्रव्य, म्हणजे आज आपण ज्याला बी-१२ म्हणतो ते, १९४८ साली सापडले.

हे द्रव्य शरीरात करते काय? एका पेशीच्या दोन होताना तिच्यातल्या वारसासूत्राची नक्कल व्हावी लागते. ती नक्कल करायला हे लागते. ते नसले, तर पेशी वाढते पण तिच्याने दुभंगवत नाही. म्हणून रक्तात थोड्या आणि अवाढव्य पेशी. गर्भात तर पेशी रात्रंदिवस दुपटीने वाढत असतात. बाळ आपला वाटा आईकडून काढून घेते आणि आईची पेटी रिकामी होते.

आता तुम्ही म्हणाल, पालेभाजी चांगली, हे आमच्या आजीला ठाऊकच होतं, त्यात साहेबांनी नवं काय सांगितलं? अर्धे खरे आहे. मेथी, पालक, चवळई, हरभऱ्याचा पाला, मूग, मटकी, चवळी, शेंगदाणे, ही सगळी आपल्या घरातली फॉलिक अॅसिडची कोठारेच. आणि आजीच्या स्वयंपाकातली एक गोष्ट तर खरोखरच नावाजण्यासारखी आहे. हे द्रव्य पाण्यात उतरते आणि फार उकळले की नासते. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवून वरचे पाणी, म्हणजे कट, आपल्या बायका फेकून देत नाहीत, त्याची आमटी करतात. पालकाची पातळभाजी डाळ-दाणे घालून तिच्या पाण्यासकट वाढतात. डाळीतले नि पाल्यातले जे पाण्यात उतरले ते पुष्कळसे पोटात जाते. याउलट अंबाडी उकडून, घट्ट पिळून ते पाणी मोरीत ओततो, तेव्हा आंबटपणाबरोबर आणखीही काही ओततो. आणि सकाळची भाजी रात्रीपर्यंत तीनदा गरम करण्याची जी सवय आहे, तिच्यात नुकसानच आहे.

पण आजीच्या शहाणपणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपला सगळा थाट बाळंतपणानंतरचा. अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, मेथीची खीर, शेपूची भाजी, बाळंतिणीला काही कमी पडू देत नाहीत. त्याआधी डोहाळजेवण, तेही सातव्या महिन्यात. आणि वैद्यक काय म्हणते? बाळाच्या पाठीचा कणा आणि मेंदू ज्या नळीतून घडतात, ती नळी गर्भ राहिल्यापासून पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच मिटते. पुष्कळ बायकांना तोवर दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. ही नळी उघडी राहिलेले मूल पूर्वी एकदा झालेल्या बायकांची पाहणी ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाने सात देशांत केली. गर्भ राहण्याच्या आधीपासून फॉलिक अॅसिड दिले, तर पुन्हा तसेच मूल होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी उतरतो, असे तिच्यात १९९१ साली सिद्ध झाले. म्हणजे हे पान डोहाळे लागण्याच्याही आधी पोटात जायला हवे. लग्न होऊन घरात आलेल्या नव्या सुनेच्या पानात ते पडते का? पुष्कळ घरांत पुरुष आणि मुले जेवून उठली, की तळाशी उरलेल्या रश्शाबरोबर भाकरी खायची ही तिची पाळी. भाजी घरात शिजत होती, तिच्या वाट्याला ती उरत नव्हती.

एक सावधगिरीची गोष्टही सांगून ठेवतो, कारण एका गोष्टीचे गुण ऐकले की आपण तिच्याच मागे लागतो. फॉलिक अॅसिड म्हणजे लोह नव्हे आणि बी-१२ ही नव्हे. बी-१२ पाल्यात नसते, ते दूध, अंडी, मासे, मांस यांतून येते. ते कमी असताना नुसते फॉलिक अॅसिड घेत राहिले, तर रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि आत मज्जातंतू मात्र बिघडत जातात. म्हणून हातपायांना मुंग्या येत असतील तर घरच्या घरी उपाय न करता डॉक्टरांना दाखवावे. लोहाचेही तसेच आहे. पालकाला लोहाचा डोंगर समजतात, पण त्यातले लोह अंगी लागते थोडेच. भाजीवर लिंबू पिळले किंवा बरोबर आवळा खाल्ला तर बरेच लागते, आणि जेवणावर लगेच चहा प्यायला तर निम्मी मेहनत वाया जाते.

विल्सबाई १९३७-३८ साली पुन्हा हाफकिन संस्थेत येऊन काम करून गेल्या. आपल्या सरकारने लोह व फॉलिक अॅसिडची गोळी गरोदर बायकांना देण्याचा देशव्यापी कार्यक्रम १९७० साली सुरू केला. त्यानंतर पन्नास वर्षे उलटली, तरी २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायका पांडुरोगी आढळल्या. कार्यक्रम सुरू झाला तेव्हा विल्सबाई हयात नव्हत्या. १६ एप्रिल १९६४ रोजी त्या वारल्या होत्या.