नव्या गावठाणातला फागुन

गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींच्या हातून झालं. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा, दहावी करून शेतीला लागलेला. 1983 साली मंजुरी मिळाली तेव्हा खर्च 372 कोटी धरला होता. पुढं तो हजारो कोटींत गेला. आमच्या कुही तालुक्यातली वैनगंगेकाठची गावं तेवीस वर्षं नुसती 'उठणार, उठणार' म्हणत बसून राहिली. पोरगी पाहायला आलेला पाहुणा पहिलं हेच विचारायचा, "तुमचं गाव बुडतीत आहे काय जी?" घरावर नवीन कवेलू टाकावे की नाही, याचा विचार करता करता कवेलूवाला कुंभारही म्हातारा झाला. शेवटी 2011 च्या उन्हाळ्यात आम्ही निघालो.

कोयनेचे लोक ठाणे, रायगड, सोलापूरकडे फेकले गेले, तसं आमचं झालं नाही. आम्ही फक्त काही कोस सरकलो. तालुका तोच, बोली तीच, सोयरेधायरे तेच. तरी पहिला फागुन आला तेव्हा आपण परक्या मुलखात आलो, असं ध्यानात आलं.

याचं कारण मोजणीत आहे. मोजणीला आलेल्या लोकांनी कामात कसूर केली नाही. घर मोजलं, विहीर मोजली, बांधावरचे आंबे, लिंबू, बोरी मोजल्या. सातबाऱ्यावर जे होतं ते सगळं यादीत चढलं. पण आमचा फागुन बहुतेक सातबाऱ्याच्या बाहेर होता. पळस पांदणीवर, पांदण सरकारची. मोह झुडपी जंगलात, तोही सरकारचा. मोहफूल पहाटे गळते. बायामाणसं अंधारातच टोपली घेऊन निघत. कोणतं झाड कोणत्या घराचं, हे कोणत्याच कागदावर नव्हतं, तरी त्यावरून भांडण झालेलं मला आठवत नाही. असं झाड कोणाच्या नावानं मोजणार?

नदीच्या वाळूचंही तेच. नव्या लोकांना डांगरवाडी म्हणजे काय ते सांगावं लागते. हिवाळ्यात वैनगंगेचं पाणी ओसरलं की धिवर लोक पात्रातल्या वाळूत खड्डे घेत, त्यात शेणखत भरत आणि डांगर, टरबूज, काकडी लावत. पाणी दूर नसे, हातभर खोदलं की लागे. राखणीला पऱ्हाट्यांची खोपडी. फागुनात वेल वाळूवर पसरत आणि होळीनंतर फळ हाती येई. आम्ही लाखोळी, हरभरा पायलीनं मोजून देत असू, ते डांगर देत. रोख पैसा फार थोडा फिरायचा. वाळू कोणाच्याच मालकीची नव्हती आणि त्या वाळूवर कितीतरी घरांचा उन्हाळा निघायचा. धरणाला 33 दारं आहेत. ती बंद झाली आणि वाळू कायमची पाण्याखाली गेली. शेत गेलं त्याला निदान मोबदल्याचा कागद मिळाला. धिवराच्या हातात वाडीचा एवढासाही कागद नव्हता. डोंगा घेऊन तो आता जलाशयावर मासे धरते, पण हा धंदा वेगळा, त्याचा ठेका वेगळा.

आपल्या राज्यात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा 1976 पासून आहे. पुढं 1986 चा आला, मग 1999 चा. नव्या गावठाणात अठरा नागरी सुविधा द्यायच्या असतात. शाळा, समाजमंदिर, रस्ते, नाल्या, पिण्याचं पाणी, वीज, स्मशानभूमी. यातलं काय वेळेवर मिळालं, काय नाही, हा वाद अजून चालू आहे, मी इथं उगाळत नाही. मले सांगायचं ते इतकंच की माणूस मेल्यावर कुठं जाळायचा ते नकाशात होतं, होळी कुठं जाळायची ते नव्हतं.

जुन्या गावी होळीची जागा पाटलाच्या वाड्यापुढं, पिढ्यान्‌पिढ्या तीच. तिथली माती काळी पडली होती. इथं प्लॉट चिठ्ठ्या टाकून वाटले. वरच्या आळीचा खालच्या आळीशेजारी आला, भाऊ भावापासून चार गल्ल्या दूर गेला. मार्च 2012 ची होळी आली. पोट्ट्यांनी शेणाच्या चाकोल्या थापून माळा केल्या, त्या न्याव्या कुठं हे कोणी सांगेना. एक म्हणे टाकीजवळ, दुसरा म्हणे शाळेच्या पटांगणात. शेवटी ज्यानं त्यानं आपल्या गल्लीच्या तोंडावर लाकडं रचली. एकाच गावाच्या तीन होळ्या पेटल्या. बोंबाही तीन ठिकाणाहून, एकमेकांवर मारल्यासारख्या. रंगासाठी पळसाची फुलं आणायला पोरं गेली, ती रिकामी आली. लेआउटच्या सपाट मुरमावर तेव्हा बाभळीचंही झाड नव्हतं. दुकानातून पुड्या आणल्या.

दुसऱ्या वर्षी आमच्याकडची एक म्हातारी अडून बसली. सकाळीच काठी टेकत टाकीजवळच्या मोकळ्या जागेवर गेली आणि मधोमध बसली. म्हणाली, "पोट्टेहो, तीन होळ्या म्हंजे तीन गावं. मी एकाच गावातून आली." तिले उठवायची कोणाची हिंमत झाली नाही. दुपारी दोन गल्ल्यांची लाकडं तिथं आली. तिसरी गल्ली आणखी दोन वर्षं रुसलेली होती, मग तीही आली.

पाडव्याचं मात्र जुळलं नाही. आमच्या भागात सालगड्याचं साल पाडव्याला सुरू होते. जुन्या गावी त्या दिवशी गुढी उभारून झाली की ओसरीवर बोलणी बसायची, किती पोते, किती रुपये, चपला-धोतराचं काय. शेतीच गेली तर सालदार कोण ठेवणार? मी मोबदल्याच्या पैशात तीन एकर घेतली, ती मीच वाहतो. बाकीच्यांपैकी बरेच जण मजुरीत शिरले. बाया भिवापूर, मांढळकडच्या मिरचीच्या सातऱ्यावर मुक्के खुडायला जाऊ लागल्या. ज्या पहाटे मोह वेचायचा, त्याच पहाटे आता मालवाहू गाडीत बसायचं. हाताची आग रात्रभर जात नाही. 2013 साली सुमारे 1,200 कोटींचं पॅकेज आलं. घरोघरी थोडा पैसा आला, गाड्या आल्या, कूलर आले. मी त्याले नावं ठेवत नाही. मुरमावरच्या स्लॅबखाली कूलर नसला तर माणूस उकडून निघते.

कधी कधी मनात येते, याच मांढळात वाकाटक राजांचे ताम्रपट निघाले, पवनीला विद्यापीठानं 1969-70 मध्ये उत्खनन करून बौद्ध स्तूप उजेडात आणला. दोन हजार वर्षांपूर्वीची वीट लोकांनी ब्रशनं पुसून पाहिली. आमच्या पाटलाच्या वाड्यापुढची काळी माती कोणी पाहील तेव्हा पाहील.

म्हातारी 2016 साली गेली. त्याच्या आधीच्या एका उन्हाळ्यात तिनं आंभोऱ्याकडून ओटीत पळसपापडी आणून नालीच्या कडेला टोचली होती. आम्ही हसलो होतो, पळस कोण लावते? पळसाला शेळी खात नाही, पाणीही मागत नाही, म्हणून तो जगला. मागच्या दोन वर्षांपासून त्यातली चार झाडं फुलतात. मोहाची रोपं आम्ही नंतर लावली, त्यांना अजून फूल नाही.

होळी आता टाकीजवळच होते. ती जागा लेआउटमध्ये आजही 'राखीव' अशीच दाखवलेली आहे. कशासाठी, ते लिहिलेलं नाही. गेल्या वर्षी तिथं व्यायामशाळा बांधायचा ठराव आला, तेव्हा इथंच जन्मलेली पोरं ग्रामसभेत उभी राहिली आणि म्हणाली, व्यायामशाळा दुसरीकडं करा, ही होळीची जागा आहे.