पावलांचा हिशोब आणि आकाशाची साक्ष

मॅरेथॉन शर्यतीचे अधिकृत अंतर ४२.१९५ किलोमीटर. पण शर्यत संपवणाऱ्या अनेक धावपटूंच्या मनगटावरचे जीपीएस घड्याळ साडेबेचाळीस किलोमीटर किंवा त्याहूनही मोठा आकडा दाखवते. बुटाच्या नाडीला अडकवलेला ‘फूट पॉड’ कधी तिसराच आकडा सांगतो. मग खरे कोणाचे? प्रश्न धावपटूंचा असला, तरी तो मुळात मापनाचा आहे, आणि या दोन्ही उपकरणांहून पुष्कळ जुना आहे.

सन १८६५ मध्ये एक शाळामास्तर हिमालय ओलांडून तिबेटकडे निघाले. कुमाऊंमधील मिलम गावचे हे नैनसिंग रावत. तिबेटमध्ये परक्यांना बंदी होती, म्हणून सर्वेक्षण खात्याच्या कॅप्टन माँटगोमेरी यांनी त्यांना डेहराडून येथे खास शिक्षण दिले होते. चढ असो वा उतार, पाऊल सारख्याच लांबीचे पडले पाहिजे. सुमारे २००० पावले म्हणजे एक मैल. हातातल्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते. दर १०० पावलांना एक मणी सरकवायचा. माळ पुरी झाली की १०,००० पावले झाली. काठमांडूहून ल्हासा आणि तेथून त्सांगपो नदीच्या काठाने मानसरोवराकडे, असा सुमारे १२०० मैलांचा मार्ग त्यांनी असा मोजला.

या पद्धतीत एक धोका आहे. पाऊल ठरल्यापेक्षा शेकडा एकने लहान पडले, तर १०० मैलांत एक मैलाची चूक होते, १२०० मैलांत १२ मैलांची. चूक अंतराबरोबर साठत जाते. म्हणून नैनसिंग जागोजागी सेक्स्टंटने सूर्य-तारे पाहून अक्षांश काढीत. एका अंश अक्षांशाचे अंतर सुमारे १११ किलोमीटर असते. त्यामुळे दक्षिणोत्तर वाटचालीत पावलांचा हिशोब ताऱ्यांच्या साक्षीने तपासता येई. ताऱ्यांवरून केलेल्या नोंदीतही चूक असते, पण ती त्या ठिकाणापुरतीच राहते. पुढच्या मुक्कामाला बरोबर येत नाही. पूर्व-पश्चिम वाटेवर मात्र अक्षांश फारसा बदलत नाही, तेथे पावलांवरच विसंबावे लागे.

फूट पॉड हा जपमाळेचा वारस, आणि जीपीएस घड्याळ सेक्स्टंटचे. फूट पॉडमध्ये प्रवेगमापक असतो. १९६५ मध्ये जपानमध्ये विक्रीस आलेले ‘मानपोकेई’ फक्त पावले मोजत असे. फूट पॉड त्यापुढे जाऊन प्रत्येक पावलाची लांबीही अजमावतो. प्रवेगावरून वेग आणि वेगावरून अंतर काढताना बारीक चुका भराभर वाढतात. पण धावताना दर पावलाला तळवा क्षणभर जमिनीवर स्थिर असतो. तेथे वेग शून्य धरून हिशोब नव्याने सुरू करता येतो. १९९८ मध्ये कॅनडात स्थापन झालेली डायनास्ट्रीम ही कंपनी या तंत्रात अग्रेसर होती. २००६ मध्ये जीपीएस घड्याळे बनवणाऱ्या गार्मिनने ती विकत घेतली.

जीपीएस उपग्रहांच्या संकेतांत सामान्यांसाठी मुद्दाम चूक मिसळलेली असे. त्यामुळे स्थान १०० मीटरपर्यंत चुके. ही मिसळ मे २००० मध्ये बंद झाली आणि २००३ मध्ये गार्मिनची धावपटूंसाठीची ‘फोररनर’ घड्याळे आली. संकेत प्रकाशाच्या वेगाने येतो, म्हणून वेळेत एका सेकंदाच्या दहा कोटीव्या भागाची चूक झाली की अंतरात ३ मीटरची चूक होते. उंच इमारतींवर आपटून येणारा संकेत उशिरा पोचतो, आणि चूक आणखी वाढते.

आता धावपटू सरळ रस्त्यावर धावतो आहे असे समजा. घड्याळाने नोंदलेले बिंदू कधी थोडे डावीकडे पडतात, कधी उजवीकडे. ते जोडले की रेषा नागमोडी होते. त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी, म्हणून अंतर वाढते! वळणावर उलट घडते. बिंदू लांब लांब असतील, तर कंसाऐवजी जीवा मोजली जाते आणि अंतर घटते.

मग शर्यतीचा मार्ग कशाने मोजतात? सायकलने. इंग्लंडमधील जॉन ज्युएल आणि अमेरिकेतील टेड कॉर्बिट यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत रूढ केली. पोलादी फितीने आखलेल्या अंतरावर सायकल चालवून चाकाचे फेरे मोजतात, मग शर्यतीचा मार्ग मोजतात, आणि शेवटी पुन्हा फितीवर तपासतात, कारण उन्हाने टायर फुगला तर चाकाचा घेर बदलतो. मार्ग कमी भरू नये म्हणून हजारी एक, म्हणजे मॅरेथॉनला ४२ मीटर, जादा धरतात. मोजणी सर्वांत जवळच्या वाटेने होते. गर्दीतून वळणे घेणारा धावपटू खरोखरच जास्त धावतो. म्हणजे घड्याळाच्या जादा आकड्यात काही भाग चुकीचा, तर काही खरा!

ही काटेकोरी कशासाठी? १९८१ मध्ये न्यूयॉर्कला अल्बर्टो सालाझारने २ तास ८ मिनिटे १३ सेकंदांत मॅरेथॉन जिंकली. १९६९ पासूनचा २ तास ८ मिनिटे ३३.६ सेकंदांचा विक्रम मोडला गेला. पुढे फेरमोजणीत मार्ग १४८ मीटरने कमी भरला. त्याच्या वेगाने तेवढ्या अंतराला सुमारे २७ सेकंद लागले असते. विक्रम पुसला गेला; चूक मात्र धावणाऱ्याची नव्हती.

तेव्हा फूट पॉड श्रेष्ठ की जीपीएस? बोगद्यात, उंच इमारतींत, क्षणाक्षणाचा वेग पाहण्यासाठी नीट जुळवलेला फूट पॉड सरस ठरतो. मोकळ्या आकाशाखाली, लांब अंतराला जीपीएसची चूक साठत नाही. आजची घड्याळे दोघांची सांगड घालतात. नैनसिंगांनी तेच केले होते.

हे शाळेच्या मैदानावर करून पाहता येईल. फितीने १०० मीटर आखा. प्रत्येक विद्यार्थ्याने ते चालत, धावत आणि दमल्यावर पुन्हा चालत जाऊन पावले मोजावीत. त्या पावलावरून मैदानाचा परीघ काढावा आणि मग तो फितीने मोजावा. फरक का पडला, यावर वर्गात चर्चा घ्या. उत्तरे वेगवेगळी आली तर बिघडत नाही. दुसऱ्या कशाचे माप घेण्याआधी आपल्या मापाचे माप घ्यावे लागते, एवढे मुलांच्या ध्यानात आले की झाले.