अर्धमागधीचा तास : एका शालेय विषयाचा इतिहास आणि समाजापुढील निर्णय

जैन समाजाचा इतिहास लिहिताना मंदिरे, तीर्थक्षेत्रे, धर्मशाळा आणि दानशूर घराणी यांची नोंद आवर्जून केली जाते. शाळेच्या वेळापत्रकातील एखाद्या तासाची नोंद मात्र क्वचितच होते. तथापि महाराष्ट्रात आगमांच्या भाषेचे जे शास्त्रशुद्ध ज्ञान विसाव्या शतकात निर्माण झाले आणि टिकले, त्यात अर्धमागधीच्या तासाचा वाटा मोठा आहे. ज्या शाळांत हा तास अद्याप चालतो, तेथे नवे शैक्षणिक वर्ष सुरू होताना तो पुढे चालवावा की बंद करावा, हा प्रश्न उभा राहतो. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मागील वाटचालीकडे पाहताना या प्रश्नाचाही विचार होणे उचित ठरेल.

भाषेचा वारसा

भगवान महावीरांनी आपला उपदेश लोकांना समजणाऱ्या भाषेत केला. ती भाषा अर्धमागधी होती, असे समवायांग व औपपातिक या आगमांत सांगितले आहे. पुढे इसवी सनाच्या पाचव्या शतकात वलभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली श्वेतांबर परंपरेतील आगम ग्रंथारूढ झाले. दिगंबर परंपरेतील षट्खंडागम आणि आचार्य कुंदकुंदांचे ग्रंथ शौरसेनी वळणाच्या प्राकृतात आहेत. या दोन्ही भाषा प्राकृताच्याच शाखा होत. एकीचे व्याकरण ज्याने नीट अभ्यासले, त्याला दुसरी परकी वाटत नाही. म्हणून अर्धमागधीचा प्रश्न कोणत्याही एका पंथाचा नसून सकल जैन समाजाचा आहे.

महाराष्ट्राचे तर प्राकृताशी रक्ताचे नाते आहे. सातवाहनांचे नाणेघाटातील लेख प्राकृतात आहेत. हाल सातवाहनाची ‘गाथासप्तशती’ माहाराष्ट्री प्राकृतात आहे आणि मराठी भाषेचे मूळ याच परंपरेत शोधले जाते. मावळ तालुक्यातील पाले येथील लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा एक शिलालेख आहे. त्याचा आरंभ अरिहंतांच्या नमस्काराने होतो. उद्योतनसूरींनी इ. स. ७७९ मध्ये जालोर येथे पूर्ण केलेल्या ‘कुवलयमाला’ या प्राकृत कथाग्रंथात निरनिराळ्या देशांतील व्यापाऱ्यांच्या बोलीचे नमुने दिले आहेत. त्यात मरहट्ट व्यापाऱ्याच्या तोंडी आजच्या ‘दिले’, ‘घेतले’ या क्रियापदांची पूर्वरूपे आढळतात. देण्याघेण्याच्या व्यवहारातील हे शब्द एका जैन आचार्यांनी टिपून ठेवले, हे व्यापारी समाजाने विशेष अभिमानाने स्मरणात ठेवावे.

विद्यापीठाचे दार

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली. प्रारंभीच्या परीक्षांत मराठीसारख्या देशी भाषांना स्थान होते. परंतु १८६० च्या दशकात त्या वरच्या परीक्षांतून वगळण्यात आल्या. पुढे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी चिकाटीने प्रयत्न केले आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी मराठीला एम.ए.च्या परीक्षेत प्रवेश मिळाला. एका ठरावाने बाहेर गेलेली भाषा परत येण्यास सुमारे चार दशके लागली, आणि तीही लक्षावधी लोकांच्या नित्य बोलण्यातील भाषा! जी भाषा घरी कोणीच बोलत नाही, तिची गोष्ट याहून अवघड आहे, हे सांगावयास नको.

प्राकृताच्या आधुनिक अभ्यासाची पायाभरणी प्रथम जर्मन पंडितांनी केली. हर्मन याकोबी यांनी १८७९ मध्ये कल्पसूत्राची आवृत्ती प्रसिद्ध करून जैन धर्म ही बौद्ध धर्माची शाखा नसल्याचे साधार दाखविले. आचारांग, कल्पसूत्र, उत्तराध्ययन व सूत्रकृतांग यांचे त्यांनी केलेले इंग्रजी अनुवाद १८८४ व १८९५ मध्ये बाहेर आले. रिचर्ड पिशेल यांचे प्राकृत व्याकरण १९०० मध्ये प्रसिद्ध झाले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात अर्धमागधीला स्थान मिळाले आणि महाविद्यालयांतून तिचे अध्यापक नेमले जाऊ लागले.

या एका व्यवस्थेचे फळ किती मोठे होते, हे डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांच्या कार्यावरून ध्यानात येते. सदलगा येथे १९०६ मध्ये जन्मलेले डॉ. उपाध्ये १९३० मध्ये कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधीचे अध्यापक झाले आणि १९६२ पर्यंत तेथेच शिकवीत राहिले. त्या बत्तीस वर्षांत त्यांनी ‘प्रवचनसार’ (१९३५), ‘परमात्मप्रकाश’ (१९३७) आणि ‘कुवलयमाले’चा पहिला भाग (१९५९) असे ग्रंथ संपादित केले. अमरावती येथे डॉ. हीरालाल जैन यांनी १९३९ पासून धवला टीकेसह षट्खंडागमाचे प्रकाशन हाती घेतले. सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेचे संपादकत्वही या दोघा विद्वानांनी सांभाळले. डॉ. प. ल. वैद्य यांनी पुष्पदंतांचे अपभ्रंश ‘महापुराण’ संपादित केले. डॉ. अ. मा. घाटगे यांचे इंग्रजीतील अर्धमागधी-परिचयाचे पुस्तक कोल्हापूरहून निघाले आणि पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील प्राकृत महाकोशाचे संपादनही पुढे त्यांनीच केले.

यातील याकोबी, पिशेल, वैद्य, घाटगे हे जन्माने जैन नव्हते. अर्धमागधी हा धर्मशिक्षणाचा विषय नसून भाषेचा विषय आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता? सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेतही तो निःसंकोच शिकविता येतो, तो याच कारणाने.

शाळेतील तास

महाविद्यालयात विषय टिकावयाचा, तर शाळेतून विद्यार्थी वर आले पाहिजेत. महाराष्ट्राच्या माध्यमिक शालान्त परीक्षेत संस्कृत, पाली यांच्याबरोबर अर्धमागधीलाही अभिजात भाषा म्हणून स्थान मिळाले. ज्या शाळांनी सोय केली, तेथील आठवी ते दहावीचे विद्यार्थी ती घेऊ लागले. संस्कृतच्या तुलनेत व्याकरण सुटसुटीत. द्विवचन नाही, चतुर्थीचे काम बहुधा षष्ठीवर भागते. त्यामुळे ‘गुण मिळवून देणारा विषय’ अशी अर्धमागधीची ख्याती झाली आणि जैनेतर विद्यार्थ्यांनीही तिचा लाभ घेतला.

या ख्यातीनेच तिचे काही अंशी नुकसानही केले. जो विषय केवळ गुणांसाठी घेतला जातो, तो अन्यत्र तितकेच गुण मिळू लागताच सोडलाही जातो. विद्यार्थी घटले की मुख्याध्यापकांपुढे अडचणी येतात. इतर मुले हिंदी वा संस्कृतच्या तासाला असताना आठ-दहा मुलांसाठी वेगळी खोली आणि वेगळा शिक्षक द्यावा लागतो. शासनाच्या संचमान्यतेत शिक्षकांची पदे विद्यार्थिसंख्येवर ठरतात. त्यामुळे जुना शिक्षक निवृत्त झाला की त्याच विषयाचा नवा शिक्षक मिळेलच, याची शाश्वती राहत नाही. अशा वेळी ‘यंदापुरता’ तास बंद होतो आणि बहुधा तो कायमचाच बंद होतो. शिक्षक नाही म्हणून विद्यार्थी नाहीत. विद्यार्थी नाहीत म्हणून पुढे एम.ए. होणारे नाहीत, ते नाहीत म्हणून पुन्हा शिक्षक नाहीत. हे चक्र एकदा उलटे फिरू लागले की त्याला थांबविणे कठीण असते.

दोन्ही बाजू

तास बंद करावा असे म्हणणाऱ्यांचे मुद्दे दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. पालकांना मुलांच्या पुढील शिक्षणाची काळजी असते. इंग्रजी, गणित व विज्ञान यांच्या ओझ्याखाली आणखी एक अपरिचित भाषा कशासाठी, असे त्यांना वाटते. शाळेच्या चालकांना मोजक्या मुलांसाठी होणारा खर्च इतर मुलांवरचा अन्याय वाटू शकतो. धार्मिक संस्कारांसाठी पाठशाळा आहेच, असेही म्हटले जाते.

परंतु पाठशाळा आणि शाळा यांचे कार्य भिन्न आहे. पाठशाळेत बालके णमोकार मंत्र, स्तोत्रे व प्रतिक्रमणाची सूत्रे मुखोद्गत करतात. ते आवश्यकच आहे. ‘अरिहंताणं’ हे रूप षष्ठीचे असूनही त्याचा अर्थ ‘अरिहंतांना’ असा का होतो, हे मात्र भाषेच्या तासातच उमगते. पाठांतराने श्रद्धा दृढ होते, भाषाज्ञानाने ग्रंथ उघडतो. घरोघरी आगम कपाटात असावेत आणि ते वाचणारा मात्र घरात कोणी नसावा, ही स्थिती भूषणावह नाही.

वरच्या पातळीवर काळ अनुकूल झाला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळांतून शिकवावयाच्या अभिजात भाषांमध्ये प्राकृताचा नामोल्लेख आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी, पाली, प्राकृत, असमिया व बंगाली या भाषांना अभिजात दर्जा दिला. या निर्णयाचा समाजाला आनंद होणे स्वाभाविक आहे. तथापि शिखरावर कलश चढला असता पाया खचू लागला, तर त्या कलशाची शोभा किती काळ टिकणार? दर्जा दिल्लीत मिळतो. भाषा मात्र आठवीच्या वर्गात टिकते.

निर्णयाचे स्वरूप

कोणताही व्यापारी जाणतो की, मालाचा उठाव कमी झाला म्हणून तो वाण कमी मागविणे वेगळे आणि तो विणणारे मागच बंद पडणे वेगळे. पहिली तूट पुढच्या हंगामात भरून निघते, दुसरी निघत नाही. अर्धमागधीचा तास बंद करण्याचा निर्णय दुसऱ्या प्रकारचा आहे. म्हणून तो केवळ चालू वर्षाच्या पटसंख्येवर घेतला जाऊ नये.

येथे समाजाच्या विश्वस्त संस्थांना करण्याजोगे पुष्कळ आहे. शासनमान्य पद उपलब्ध नसल्यास मानधनावर शिक्षक नेमता येईल. एका गावातील दोन-तीन शाळांच्या मुलांचा एकत्र वर्ग भरविता येईल. पाठ्यपुस्तके विनामूल्य देता येतील. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात संस्कृत व प्राकृत भाषा विभाग आहे; तेथे शिकू इच्छिणाऱ्यास शिष्यवृत्ती दिल्यास उद्याचा शिक्षक तयार होईल. यांपैकी कोणत्याही कार्याचा खर्च एखाद्या मोठ्या समारंभाच्या खर्चाहून अधिक होणार नाही.

शास्त्रदान हे श्रेष्ठ दानांपैकी एक मानले गेले आहे. पूर्वजांनी ताडपत्रांच्या प्रती करवून भांडारे भरली. त्यानंतरच्या पिढीने ग्रंथमाला काढल्या. ग्रंथ आता छापलेले आहेत. उणीव आहे ती वाचकांची, आणि ती भरून काढण्याचे दान या पिढीच्या वाट्याला आले आहे. ज्या शाळेत अर्धमागधीचा तास अद्याप चालू आहे, तेथील मुलांची संख्या मोजण्यापूर्वी विश्वस्त व पालक यांनी या दायित्वाचे स्मरण ठेवावे, हीच सुवर्णमहोत्सवी वर्षातील नम्र अपेक्षा.