नेटमधल्या सरांनी निवडलेली शाळा

मुंबईत ज्या मुलाची बॅट बोलते त्याची शाळा आई-वडील ठरवत नाहीत, सर ठरवतात. सर म्हणजे वर्गातले नव्हेत, नेटमधले. लालबागच्या एका मराठी शाळेत पी.टी. शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे हा व्यवहार मी पडत्या बाजूने पाहिला. आमच्याकडून मुलं जायची. आमच्याकडे कुणी यायचं नाही.

या सगळ्याच्या मुळाशी हॅरिस शील्ड. मुंबईचे एकेकाळचे गव्हर्नर लॉर्ड हॅरिस यांच्या नावाची ही शालेय स्पर्धा १८९६ पासूनची. धाकट्यांची जाइल्स शील्ड तिच्या मागोमाग आली. सुनील गावसकर सेंट झेवियर्सचे, वेंगसरकर दादरच्या किंग जॉर्जचे. माटुंग्याच्या डॉन बॉस्कोने १९७७ साली पहिल्यांदा जाइल्स शील्ड जिंकली, तेव्हा कप्तान होता रवी शास्त्री. माझ्या समजुतीप्रमाणे त्या पिढीपर्यंत शाळा आधी आणि क्रिकेट मागाहून असं होतं.

हा क्रम उलटला तो डोळ्यांत भरला रमाकांत आचरेकरांमुळे. सचिन तेंडुलकर वांद्र्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये होता. तिथे क्रिकेटची सोय नव्हती. आचरेकर सरांनी सुचवलं, याला दादरच्या शारदाश्रममध्ये घाला. वडील कीर्ती कॉलेजात मराठीचे प्राध्यापक; त्यांनी निर्णय मुलावर सोडला. वांद्र्याहून बसने येऊन शाळा आणि दोन वेळचं मैदान जमेना, म्हणून मुलगा शिवाजी पार्कसमोर काका-काकूंकडे राहायला आला. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर सेंट झेवियर्सविरुद्ध त्याने नाबाद ३२६ आणि विनोद कांबळीने नाबाद ३४९ केल्या. ६६४ ची ती अभेद्य भागीदारी पेपरांत छापून आली आणि मुंबईतल्या प्रत्येक कोचला आपापली शारदाश्रम हवीशी वाटू लागली.

त्याची झळ आम्हाला लागली. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कारणाचा रकाना असतो. आमचे क्लार्क त्यात वळणदार अक्षरात ‘पालकांच्या विनंतीवरून’ असं लिहीत. जूनमध्ये तळहाताला घट्टे पडलेला आठवीतला पोरगा आईबरोबर ऑफिसात उभा दिसला, की आमचा ओपनर पळवला हे मला कळायचं. एकदा मुख्याध्यापिका बाईंनी अशाच एकाला विचारलं, “इथे काय कमी पडलं रे तुला?” तो खाली मान घालून म्हणाला, “सर म्हणाले.” आईने पुस्ती जोडली, “फी घेणार नाहीत, किटपण देणार आहेत.” बाप गिरणीतला, आणि ब्याऐंशीच्या संपापासून घरीच. मी त्या माउलीला काय सांगणार? आमच्या शाळेकडे एक मॅट होती, तीही दोन ठिकाणी फाटलेली.

सगळ्यांचं नुकसान झालं असं मात्र म्हणवत नाही. बोरिवलीला रोहित शर्मा काकांकडे राहायचा. कोच दिनेश लाड यांनी त्याला आपल्या स्वामी विवेकानंद शाळेत बोलावलं, तर महिन्याची २७५ रुपये फी घरच्यांना झेपेना. लाड सरांनी शाळेकडून फी माफ करून घेतली. चार वर्षं त्याला एक पैसा भरावा लागला नाही. गेला होता ऑफस्पिनर म्हणून. फलंदाज लाड सरांनी ओळखला. पालघरचा शार्दूल ठाकूर याच शाळेत आला आणि लाड सरांच्या घरीच राहिला. याला पळवणं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पुढे वांद्र्याच्या रिझवी स्प्रिंगफील्डने कळस केला. सरफराज खान ४३९, अरमान जाफर ४९८, पृथ्वी शॉ ५४६; २००९ ते २०१३ या काळात एकाच शाळेच्या तीन पोरांचे हे डाव. आकडे डोळे दिपवतात. पण शहरातले सगळे चांगले फलंदाज चार शाळांत गोळा झाले, की समोर गोलंदाजी करायला कोण उरतं, हे कुणी छापत नाही. अनेक सामने दुपारपर्यंतच एकतर्फी होऊन जात. त्यात खरी शिकवणी होते ती फक्त स्कोअररची.

आमच्या त्या ओपनरचं पुढे असं झालं. नववीत त्याचा खांदा धरला, संघातून नाव गेलं, आणि पुढच्या टर्मला फीची पावती घरी आली. बापाने उसने पैसे काढून दहावी पार पाडली. त्याला नेणारे सर तोवर दुसऱ्या शाळेत कोच झाले होते.

म्हणून कुणी कोच तुमच्या मुलासाठी शाळा सुचवायला आला, तर मैदान किती मोठं आणि शील्ड किती जिंकल्या हे जरूर विचारा. पण आधी विचारा, मुलगा संघाबाहेर गेला तर फीमाफी चालू राहणार का, आणि उत्तर शाळेच्या लेटरहेडवर लिहून घ्या.