हिपी, कुरा आणि कावाना

आपण स्टेशनला ‘टेसन’ म्हणतो तेव्हा शिकलेली माणसं हसतात. पण बॉटलची ‘बाटली’ अन् हॉस्पिटलचं ‘इस्पितळ’ त्यांच्याही तोंडी असतं. परकी भाषा आली की मायबोली तिला आपल्या साच्यात घालतेच. न्यूझीलंडच्या माओरी लोकांचं हेच झालं.

माओरी भाषेत व्यंजनं 10च. स, ल, ब, ड नाहीत, जोडाक्षर नाही. त्यामुळे मेंढीला इंग्रजांचा ‘शीप’ शब्द आला तो ‘हिपी’ होऊन. स्कूलचं झालं ‘कुरा’, जॉनचं ‘होने’.

सुरुवातीचे माओरी इंग्रजी शिकले ते पुस्तकातून नव्हे, तर व्हेल माशांची शिकार करणाऱ्या जहाजांवर, खलाश्यांबरोबर काम करता करता. रुआतारा नावाचा तरुण असाच 1809 मध्ये लंडनपर्यंत पोचला होता. इंग्रज ‘प’, ‘ट’, ‘क’ म्हणताना हवेचा झोत सोडतो. माओरींना ती सवय नव्हती. इंग्रज एका अक्षरावर जोर देऊन बाकीची गिळतो. माओरी प्रत्येक अक्षराला सारखा वेळ देतो. त्यांच्या इंग्रजीत ही लय आजही ऐकू येते.

पण गोष्ट नुसत्या उच्चारांची नाही. 1840 मध्ये वायतांगीला करार झाला. ‘गव्हर्नर’चं माओरीत ‘कावाना’ झालं होतं, त्यावरून कारभारासाठी ‘कावानातांगा’ शब्द घडवला होता. इंग्रजी कागदात लिहिलं होतं, सारी सत्ता राणीला दिली. माओरी कागदात होतं, राणीला कावानातांगा, अन् जमिनीवरचा हक्क सरदारांकडेच. बहुतेकांनी माओरी कागदावर सह्या केल्या. त्यांत काही बायाही होत्या. त्या एका शब्दाचा वाद अजून मिटलेला नाही.

पुढे 1867 च्या कायद्याने माओरी मुलांच्या शाळांत इंग्रजी आणली. मायबोली बोलली म्हणून मुलांनी मार खाल्ला. भाषा मरायला टेकली, तेव्हा 1982 मध्ये ‘कोहांगा रेओ’, म्हणजे भाषेचं घरटं, या नावाच्या बालवाड्या निघाल्या. तिथे आज्या नातवंडांशी माओरीत बोलू लागल्या. 1987 मध्ये माओरी राजभाषा झाली.

तेव्हा बायांनो, ‘टेसन’ म्हणायची लाज नको. मात्र बँकेच्या कागदावर सही करण्याआधी प्रत्येक शब्दाचा अर्थ आपल्या भाषेत विचारून घ्यायचा. समजल्याशिवाय अंगठा नाही.