पोस्टकार्डाएवढे पान

वरूड-काटोलच्या सोयऱ्यांना पत्र लिहायचे तर पूर्वी आपण पोस्टकार्ड घेत असू. जागा थोडी, तब्येत, पीकपाणी आणि लग्नाची तिथी एवढेच त्यात मावे. मोबाइलवरील समाजमाध्यमांचा इतिहासही याच काटकसरीने सुरू झाला.

२९ जून २००७ रोजी अमेरिकेत आयफोन विक्रीस आला. इतरांनी तयार केलेली ॲप्स त्यात घालण्याची सोय तेव्हा नव्हती. जे करायचे ते इंटरनेटच्या पानातूनच करावे, असे ॲपलचे सांगणे होते. पडदा ३२० बाय ४८० बिंदूंचा, आणि मोबाइलचे जाळे मंद. संगणकासाठी बांधलेले फेसबुकचे ऐसपैस पान त्यावर वाचणे जिकिरीचेच. त्याच ऑगस्टमध्ये जो हेविट या अभियंत्याने आयफोनसाठी निराळे पान घडवले. आजूबाजूचे रकाने गेले; उरली एक उभी यादी आणि बोटाला सहज सापडतील अशा रुंद ओळी. पुढे जुलै २००८ मध्ये ॲपलने ॲप्सचे दुकान उघडले, तरी हलक्या पानांची गरज संपली नाही.

आपल्याकडे तर ती अधिकच होती. साध्या फोनवर ऑपेरा मिनी चाले. मागितलेले पान कंपनीच्या संगणकावर आधी आवळले जाई, मग फोनवर येई. फोनमध्ये देवनागरी नसली की अक्षरांऐवजी नुसते चौकोन दिसत. तेव्हा अक्षरे चित्ररूपाने मागवण्याची सोयही त्यात होती. एप्रिल २०१७ मध्ये ट्विटर लाइट हे हलके पान आले, तेव्हा त्याच्या भाषांत मराठीही होती.

जागा कमी पडली की काय गाळायचे, हा प्रश्न पांढुर्णा-सौंसरला नवा नाही. १ नोव्हेंबर १९५६ नंतर आपण मध्य प्रदेशात राहिलो. कचेरीत हिंदी आणि चुलीपाशी मराठी, अशी वाटणी झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, तरी वाटणी तीच आहे. आमचे विद्यार्थी मोबाइलवर ‘बाळ’चे ‘बाल’ लिहितात. ‘ळ’ आता बहुतेक फोनमध्ये आहे; तो गळतो आपल्याच बोटांतून.

हेविटने रकाने गाळले, कारण त्यांच्यावाचून निरोप अडत नव्हता. भाषेचे तसे नाही. तेव्हा या दिवाळीत आबाजींनी पुण्याच्या नातवाला एक ओळ तरी मराठीत धाडावी. पोस्टकार्डाएवढी पुरे.