इंद्रधनुषी काचेची शमादाने : कालनिर्णयाचा एक प्रश्न

पुण्याच्या जुन्या बाजारात, तसेच वाडे पाडले जात असताना बाहेर पडणाऱ्या सामानात, काचेची शमादाने अधूनमधून दृष्टीस पडतात. त्यांपैकी काहींच्या पृष्ठभागावर मोरपिसासारखी रंगछटा तळपते. प्रकाशाची दिशा बदलताच सोनेरी रंग जांभळ्यात आणि जांभळा हिरव्यात मिसळतो. वस्तू वाड्यातून आलेली, रूप राजेशाही, म्हणून ती पेशवाईतील असावी, असा समज होण्याचा संभव असतो. या समजाला आधार कितपत आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

काचेवर अशी छटा दोन प्रकारे येते. पहिला प्रकार निसर्गाचा. काच दीर्घकाळ जमिनीत पुरली गेली असता ओलाव्यामुळे तिच्यातील क्षार झिरपून जातात आणि पृष्ठभागावर अतिशय पातळ पापुद्रे तयार होतात. या पापुद्र्यांवरून परावर्तित होणारे किरण परस्परांत मिसळून रंग निर्माण करतात. रोमन काळातील भांड्यांवर आढळणारी प्रसिद्ध झळाळी हीच होय. ती कारागिराची करणी नसून काचेच्या क्षयाची खूण आहे. महाराष्ट्रातील पुरातत्त्वाला काचेचा विषय अपरिचित नाही. कोल्हापूरजवळील ब्रह्मपुरी येथे १९४५-४६ साली डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनी केलेल्या उत्खननात बहामनी काळातील काचेच्या बांगड्या उपलब्ध झाल्या. आणि पुढे १९६९ साली दीक्षितांचा भारतीय काचेच्या इतिहासावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

दुसरा प्रकार मनुष्याच्या योजनेचा. काच तप्त असतानाच तिच्यावर कथिलाच्या किंवा लोखंडाच्या क्षारांचा फवारा मारला असता धातूच्या भस्माचा सूक्ष्म थर तिला चिकटतो आणि तीच छटा क्षणार्धात सिद्ध होते. शतकानुशतकांच्या मुरण्याने जे घडे, ते भट्टीसमोर साधण्याची ही युक्ती युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात लोबमायर या पेढीने अशी काच मांडली. १८९० नंतर बोहेमियातील लोट्झ आणि अमेरिकेतील टिफनी यांनी तिला कलावस्तूची प्रतिष्ठा दिली. तथापि ही काच फुंकून घडवलेली व महाग होती. १९०७ च्या सुमारास अमेरिकेतील फेंटन कंपनीने साच्यात दाबलेल्या स्वस्त काचेवर हाच फवारा वापरला, आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यातील झळाळी सामान्य घरांत पोहोचली. या काचेला ‘कार्निव्हल’ हे नाव फार नंतर मिळाले.

यावरून कालनिर्णय पुरेसा स्पष्ट होतो. काच यंत्राने साच्यात दाबण्याची पद्धतीच मुळी १८२० नंतरच्या दशकात अमेरिकेत प्रचारात आली. पेशवाई १८१८ साली संपली. म्हणून ज्या शमादानावर साच्याच्या जोडाची रेघ आहे आणि जोडीला फवाऱ्याची छटाही आहे, ते पेशवेकालीन असू शकत नाही; ते विसाव्या शतकातील मानले पाहिजे. उलट, त्या काळी मेणबत्तीला पाश्चात्त्य घरांतूनही नित्याच्या उजेडाचे स्थान उरले नव्हते. १९२० नंतर तेथे मधे एक वाडगा आणि दोन्ही बाजूंस शमादाने असा संच मेजाच्या शोभेसाठी विकला जाई. आपल्याकडे समई, निरांजन व लामणदिवा यांना पूजाविधीत जे स्थान आहे, ते शमादानाला कधीच नव्हते. ते ज्या घरात आले, तेथे बहुधा नव्या राहणीची खूण म्हणून आले.

स्थानिक पार्श्वभूमीही ध्यानात घेतली पाहिजे. पुण्याजवळ तळेगाव येथे पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली, म्हणजे फेंटनची ही काच बाजारात येत असतानाच, सुरू झाला. सामान्य माणसाने दिलेल्या एकेका पैशातून परदेशी काचेला पर्याय उभा करावा, ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना होती. १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना उभा राहिला व त्यांचा प्रभाकर कंदील घरोघर गेला. झळाळीची काचही पुढे भारतात निर्माण झाली. फिरोजाबादच्या जैन ग्लास वर्क्सने असे पेले व फुलदाण्या काढल्या, आणि काहींच्या साच्यातच कारखान्याचे नाव कोरलेले असे. तेव्हा प्रत्येक झळाळती वस्तू ‘विलायती’ म्हणणे हेही तितकेच घाईचे ठरते.

संग्राहकाची जबाबदारी येथे सुरू होते. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) यांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमविण्यास प्रारंभ केला, तेव्हा दिवा, अडकित्ता, दौत यांना इतिहासाचे साधन मानणारे थोडे होते. आज राजा दिनकर केळकर संग्रहालयातील दिव्यांचे दालन पाहणाऱ्याला दिव्याच्या घडणीतून समाजाची राहणी वाचता येते. पितळी दिव्याला मोडीची किंमत असते; फुटलेल्या काचेला तीही नसते. त्यामुळे काचेचा पुरावा अधिक त्वरेने नाहीसा होतो.

म्हणून शमादान विकत घेताना ते कोणत्या पेठेतील, कोणत्या प्रकारच्या घरातून व कोणत्या अन्य वस्तूंसह आले, याची नोंद त्याच दिवशी करावी. उंची, रंग, तळाचा आकार, जोडाच्या रेघा व असल्यास खूण लिहून ठेवावी. मात्र केवळ खुणेवर विसंबू नये; नॉर्थवुड कंपनीच्या वर्तुळातील अक्षराच्या नकला झालेल्या आहेत, आणि १९६० नंतर अमेरिकेतच जुन्या साच्यांतून नवा माल पुन्हा निघाला. छटेचा थर पातळ असल्याने राख, चिंच वा आम्ल यांनी ती काच घासू नये.

‘पेशवेकालीन’ हे विशेषण गळून पडले तरी अशा शमादानाचे महत्त्व कमी होत नाही. तेलाच्या ज्योतीकडून विजेच्या दिव्याकडे जाणाऱ्या एका पिढीच्या आवडीनिवडीची ती साक्ष आहे. आणि खरे वय सांगितले, तरच ती साक्ष इतिहासाच्या उपयोगी पडेल.